कोंबड्यांचं आंबोण

ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावर अजून नीट उजाडलेलं नाही. बिबट्याच्या भीतीनं खुराड्याला दुहेरी जाळी आहे, आतून कोंबड्यांची कुजबुज ऐकू येते. मावशी मात्र आधी पडवीतल्या पिंपाकडे जातात. झाकण सारतात, वाकून वास घेतात. ताकासारखा आंबूस. जमलंय.

पिंपात मक्याचा भरडा, तांदळाची कणी आणि थोडा कोंडा आहे. सगळं ठाण्याच्या बाजारातून, जांभळी नाक्यावरून आणलेलं. परवा त्यावर चार बोटं पाणी राहील इतकं ओतलं आणि मागच्या खेपेचं तांब्याभर आंबट पाणी घातलं, विरजण म्हणून. सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं ढवळायचं, दाणा पाण्यावर उघडा पडू द्यायचा नाही. उन्हाळ्यात दीड दिवस पुरतो, थंडीत तीन लागतात. गाईम्हशींना आंबोण, म्हणजे भिजवलेला भरडा-कोंडा, घालणाऱ्या घराला यात नवं काही नाही.

आत घडतं ते इडलीच्या पिठात घडतं तेच. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू धान्यातल्या साखरेवर वाढतात आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) 4 च्या आसपास उतरतो. इतक्या आंबटात साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तग धरणं कठीण जातं. हा आंबटपणा खाद्याबरोबर कोंबडीच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत पोचतो, तिथेही रोगजंतूंची वाट अडवतो.

कोंड्याची गोष्ट वेगळी. त्यात फॉस्फरस भरपूर, पण बहुतेक फायटिक आम्लात अडकलेला. तो सोडवणारं विकर (एन्झाइम) कोंबडीच्या आतड्यात फार थोडं असतं. भिजवून आंबवलं की दाण्यातलं आणि जिवाणूंचं विकर ते काम आधीच करून ठेवतं. वाढत्या पिल्लाच्या हाडांना हा फॉस्फरस लागतो.

वजन वाढतं का? काही प्रयोगांत वाढलं, काहींत कोरड्या खाद्याइतकंच राहिलं. आमच्या मते आंबोण घालावं ते पोट निरोगी राहावं म्हणून. शिवाय नुसत्या धान्यावर पिल्लू वाढत नाही. त्याला 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत, मक्यात जेमतेम 8-9 टक्के. म्हणून मावशी आंबोण थाळ्यात वाढताना बिनमिठाचा सुका जवळा चुरून घालतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात. येऊरची हवा इतकी ओली, की पोत्याला आठवड्यात बुरशी धरते. गेल्या श्रावणात मावशींनी अर्धं पोतं मका खड्ड्यात पुरला. शेजारीण म्हणाली, ‘अगं, आंबवून घाल, जाईल बुरशी.’ मावशींनी ऐकलं नाही, आणि बरं केलं. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष आंबवून जाईल याचा भरवसा नसतो, आणि ते कोंबडीचं यकृत पोखरतं. पिंपावर रंगीत केसाळ थर आला किंवा सडका वास सुटला, तरी सगळं फेकायचं. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही.

मानमोडी म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या साथीवरही आंबोणाचा उपाय नाही. तिला लसच हवी, पहिल्या आठवड्यातच. 2022 च्या फेब्रुवारीत याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता. एकाएकी कोंबड्या मरू लागल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचं.

आता दार उघडतं. पाणी निथळलेलं आंबोण पसरट थाळ्यात पडतं आणि सगळा कळप तुटून पडतो. तासाभरानं मावशी थाळे उचलतील, उरलेलं खताच्या खड्ड्यात टाकतील, थाळे घासून उन्हात पालथे घालतील. तांब्याभर आंबट पाणी त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलंय.