शुक्रवारचे गुण, शनिवारचा निकाल

१६ मे २०२५, शुक्रवारची रात्र. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराच्या भव्य बंदिस्त क्रीडागृहात सव्वीस देशांचे कलाकार एकामागून एक मंचावर येत आहेत. दिव्यांची उघडझाप, धुराचे लोट, कॅमेऱ्यांच्या ठरवलेल्या हालचाली, सगळे काही उद्याच्या अंतिम फेरीप्रमाणेच आहे. तिकीट काढून आलेले प्रेक्षकही समोर आहेत. फक्त हा प्रयोग दूरचित्रवाणीवर दिसत नाही. नाटकवाले जिला रंगीत तालीम म्हणतात, ती हीच. मात्र दरवर्षी देशादेशांत रंगणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या या रंगीत तालमीत जवळजवळ निम्मा निकाल लागून जातो, आणि शनिवारी घरी बसून स्पर्धा पाहणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांच्या ही गोष्ट गावीही नसते.

त्या रात्री स्पर्धेत उतरलेल्या, म्हणजे अंतिम फेरी न गाठलेल्यांसह, सदतीस देशांत पाच-पाच परीक्षक आपापल्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने ठरवलेल्या जागी पडद्यासमोर बसलेले असतात. त्यांत गायक असतात, संगीतकार, गीतकार, ध्वनिमुद्रणाचे निर्माते आणि नभोवाणीवरील निवेदकही असतात. गाण्याची रचना आणि तिचे वेगळेपण, गायकाच्या आवाजाची कुवत, मंचावरील सादरीकरण आणि एकूण पडणारा ठसा, या चार गोष्टी त्यांनी पाहायच्या असतात. आपसांत चर्चा करायची नाही, स्वतःच्या देशाला मत द्यायचे नाही आणि अंतिम निकाल जाहीर होईपर्यंत आपली पसंती कोणालाही कळू द्यायची नाही, ही बंधने आहेत. नियम पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षकही नेमलेला असतो.

आपल्याकडच्या गायन स्पर्धांत परीक्षकाच्या पुढ्यात सूर, ताल, शब्दोच्चार, भाव असे रकाने आखलेला कागद असतो आणि तो दहापैकी सात, दहापैकी साडेआठ असे गुण मांडत जातो. युरोव्हिजनच्या परीक्षकाला ती सोय नाही. त्याला प्रत्येक गाण्याचा क्रमांक ठरवावा लागतो. पहिला, दुसरा, तिसरा, असे करत थेट शेवटच्या गाण्यापर्यंत. वरची तीन गाणी निवडणे अवघड नसते, तळाची तीनही लवकर सापडतात. खरी कसोटी असते ती मधल्या पंधरा-वीस गाण्यांची. तेराव्या आणि चौदाव्या क्रमांकात नेमका कोणता फरक असतो, याचे प्रामाणिक उत्तर देणारा परीक्षक विरळाच, तरीही कागदावर एकाला तेरा आणि दुसऱ्याला चौदा लिहावेच लागते.

या क्रमांकांचे गुणांत रूपांतर कसे करायचे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात फार महत्त्वाचा आहे. २०१८ पूर्वी पाचही परीक्षकांच्या क्रमांकांची साधी सरासरी काढली जात असे. चौघांनी एखादे गाणे पहिल्या क्रमांकावर ठेवले आणि पाचव्याने ते शेवटच्या क्रमांकावर ढकलले, तर त्या एकट्याच्या मताने ते गाणे यादीत पार घसरत असे. म्हणून २०१८ पासून वरच्या क्रमांकांना मोठे वजन देणारे नवे कोष्टक आले. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांतील अंतर मोठे आहे, तर विसाव्या आणि एकविसाव्या क्रमांकांतील अंतर नगण्य आहे. त्यामुळे एका नाखूश परीक्षकाच्या हातातील नकाराधिकार गेला. मात्र कोणालाच विशेष न भावलेल्या, पण कोणालाच न खटकलेल्या गाण्याला जुन्या पद्धतीत जो आधार मिळत असे, तोही त्याबरोबरच गेला.

परीक्षकांच्या सगळ्या याद्या एकत्र झाल्या की त्या देशाच्या पहिल्या दहा गाण्यांना गुण मिळतात. पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ८ आणि पुढे ७ पासून १ पर्यंत. ‘दूझ प्वाँ’, म्हणजे फ्रेंच भाषेत बारा गुण, ही युरोपभर ओळखीची झालेली आरोळी इथूनच आली. बारा गुणांची ही पद्धत १९७५ च्या स्टॉकहोम स्पर्धेपासून चालू आहे. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत मात्र इतके प्रयोग झाले, की त्यावरूनच या कामाची अवघडता कळावी.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. सात देश आणि प्रत्येकाची दोन गाणी. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक बंद खोलीत बसले आणि त्यांनी गुप्तपणे मत दिले. लक्झेंबर्गने आपले परीक्षक पाठवलेच नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने यजमान स्वित्झर्लंडच्या परीक्षकांनी मत दिले. सगळ्याच परीक्षकांना स्वतःच्या देशालाही मत देण्याची मुभा होती. विजेता देश ठरला स्वित्झर्लंड. गायिका लिझ आसिया यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु मतांची आकडेवारी कधीच प्रसिद्ध झाली नाही. गुणफलक, दूरध्वनीवरून येणारे गुण आणि स्वतःच्या देशाला मत देण्याची बंदी, हे तिन्ही पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टमध्ये आले, यात सर्व काही आले.

दूरध्वनीनेही आपले गोंधळ आणले. १९६३ साली लंडनच्या स्पर्धेत नॉर्वेच्या प्रतिनिधीने गुण नीट पद्धतीने सांगितले नाहीत, म्हणून त्याला नंतर पुन्हा बोलावले गेले, आणि तेव्हा त्याने सांगितलेले गुण आधीच्या गुणांहून वेगळे निघाले. डेन्मार्कने ती स्पर्धा अवघ्या दोन गुणांनी जिंकली आणि स्वित्झर्लंड दुसरा आला. १९६९ साली माद्रिदमध्ये तर स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चार देशांचे प्रत्येकी १८ गुण झाले आणि बरोबरी झाल्यास काय करायचे याचा नियमच कोणी केलेला नव्हता. सोळा देशांच्या स्पर्धेत चार विजेते जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षीचे यजमानपद सोडत काढून नेदरलँड्सला मिळाले, आणि ऑस्ट्रिया, फिनलंड, नॉर्वे, पोर्तुगाल व स्वीडन हे पाच देश त्या स्पर्धेला आलेच नाहीत.

यानंतरचा प्रयोग अधिक रंजक होता. १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत प्रत्येक देशाने दोनच परीक्षक पाठवले. त्यांपैकी एक पंचवीस वर्षांखालील आणि दुसरा त्याहून मोठा असावा, शिवाय दोघांच्या वयात किमान दहा वर्षांचे अंतर असावे, असा नियम होता. प्रत्येकाने प्रत्येक गाण्याला १ ते ५ गुण द्यायचे. कल्पना चांगली होती, पण तिच्यात एक मोठी फट होती. एखाद्या देशाच्या परीक्षकांनी सगळ्याच गाण्यांना एक-दोन गुण देऊन हात आखडता घेतला, तर त्यांचे प्रतिस्पर्धी मागे पडत, कारण स्वतःच्या गाण्याला तर ते मत देतच नव्हते. मोकळ्या मनाने गुण वाटणाऱ्या परीक्षकांनी मात्र स्वतःच्याच देशाचे नुकसान केले. प्रत्येक देशाने सारखेच गुण वाटायचे आणि फक्त त्यांचा क्रम ठरवायचा, ही बारा गुणांमागची कल्पना या फटीवरचा उपाय म्हणूनही पाहता येते.

तिचीही परीक्षा झालीच. १९९१ साली रोममध्ये स्वीडन आणि फ्रान्स या दोघांचेही १४६ गुण झाले. दोघांनाही बारा गुण चार-चार वेळा मिळाले होते. मग दहा गुण मोजले गेले. स्वीडनला ते पाच वेळा मिळाले होते, फ्रान्सला दोन वेळा. एवढ्या फरकावर स्वीडनच्या करोला जिंकल्या आणि फ्रान्सच्या अमीना हरल्या. आज तशीच बरोबरी झाली, तर प्रेक्षकांकडून ज्याला अधिक गुण मिळाले तो पुढे जातो.

प्रेक्षक या हिशेबात आले ते १९९७ साली. डब्लिनच्या त्या स्पर्धेत ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या पाच देशांनी परीक्षकांऐवजी घरोघरच्या दूरध्वनींवरून मते घेतली. आइसलंडचे पाउल ऑस्कर यांचे सादरीकरण त्या काळच्या मानाने धीट होते. त्यांना एकूण २० गुण मिळाले आणि त्यांतील १८ गुण याच पाच देशांतून आले. उरलेल्या सगळ्या परीक्षकांनी मिळून दिलेले गुण होते दोन. परीक्षकांचा कान आणि घरातल्या सोफ्यावरची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका गुणपत्रिकेने दाखवून दिले आणि पुढच्या वर्षीपासून प्रेक्षकमत बहुतेक देशांत रूढ झाले.

त्यानंतर तक्रार सुरू झाली ती शेजारधर्माची. ग्रीस आणि सायप्रस यांनी एकमेकांना बारा गुण द्यायचे, हा तर युरोपात विनोदाचाच विषय झाला. परंतु यात कारस्थान शोधण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की या दोन देशांत भाषा एक आहे आणि गायकही सामाईक आहेत. ओळखीच्या वळणाचे गाणे लोकांना आवडणारच. शिवाय परदेशी स्थायिक झालेले लोक आपल्या मूळ देशाला मत देतात, तेही माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. ‘सा रे ग म प’च्या दिवसांत आपल्या जिल्ह्याच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी एसएमएस पाठवलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या तक्रारीवर तोल म्हणून २००९ च्या अंतिम फेरीपासून परीक्षक मंडळे परत आणली गेली आणि निम्मे वजन परीक्षकांना, निम्मे प्रेक्षकांना अशी वाटणी झाली. परीक्षक म्हणजे निःपक्षपात, हे त्यामागचे गृहीतक. ते किती भाबडे होते, हे २०२२ साली तुरीन येथे उघड झाले. उपांत्य फेरीत अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रुमानिया आणि सान मारिनो या सहा देशांच्या परीक्षक मंडळांच्या मतांत संशयास्पद साम्य आढळले. स्पर्धा भरवणाऱ्या युरोपीय प्रसारण संघाने त्यांची मते बाद केली आणि मतदानाच्या बाबतीत त्यांच्याशी जुळणाऱ्या देशांच्या निकालांवरून काढलेले गुण त्यांच्या जागी वापरले.

साध्या मानवी चुका वेगळ्याच. २०१६ साली डेन्मार्कच्या एका परीक्षकाने यादी उलटी भरली. सर्वांत आवडत्या गाण्यापुढे १ लिहिण्याऐवजी त्याला शेवटचा क्रमांक दिला. त्यामुळे जिला एकही गुण मिळायला नको होता त्या युक्रेनच्या गायिकेला डॅनिश परीक्षक मंडळाचे बारा गुण गेले. ती चूक झाली नसती तरीही युक्रेनच जिंकला असता, म्हणून प्रकरण चिघळले नाही. २०१९ साली बेलारूसच्या परीक्षकांनी आपली पसंती आधीच उघड केली म्हणून त्यांना हटवण्यात आले, आणि त्यांच्याऐवजी जे हिशेबी गुण काढले गेले त्यांचा क्रमच उलटा लागला. माल्टाला जायचे बारा गुण इस्राएलच्या खात्यात पडले. काही दिवसांनी दुरुस्ती झाली तेव्हा परीक्षकांच्या पसंतीतील पहिले स्थान स्वीडनकडून उत्तर मॅसिडोनियाकडे गेले. सगळ्या युरोपासमोर तो मान मिळण्याचा क्षण मात्र उत्तर मॅसिडोनियाच्या गायिकेला मिळायचा राहिला तो राहिलाच.

२०१६ पासून परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर होतात. पूर्वी दोन्ही एकत्र मिसळून सांगितले जात, त्यामुळे मतभेद झाकला जाई. आता तो फलकावरच दिसतो. त्या पहिल्याच वर्षी परीक्षकांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया होती, प्रेक्षकांची रशिया, आणि दोन्हीकडे दुसऱ्या आलेल्या युक्रेनच्या जमाला ५३४ गुणांसह विजेत्या ठरल्या. २०२३ साली लिव्हरपूलमध्ये फिनलंडच्या गायकाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, परीक्षकांनी १५०; स्वीडनच्या लोरीन यांना परीक्षकांनी ३४०, प्रेक्षकांनी २४३. लोरीन जिंकल्या. त्याच वर्षापासून, ज्यांचा देश स्पर्धेत नाही अशा प्रेक्षकांची ऑनलाइन मते ‘उर्वरित जग’ या एकाच खात्यात जमा होऊ लागली आणि त्या साऱ्या जगाला मिळून एका देशाएवढे वजन मिळाले.

आता पुन्हा बासेलकडे, शनिवारच्या उत्तररात्री. परीक्षकांचे गुण जाहीर झालेले आहेत आणि प्रेक्षकांचे गुण खालून वर, म्हणजे परीक्षकांनी ज्याला सर्वांत कमी गुण दिले त्याच्यापासून, सांगितले जात आहेत. फक्त दोन देश उरले आहेत. परीक्षकांच्या यादीत दुसरी असलेली यजमान देशाची गायिका झोए मे आपल्याच लोकांनी भरलेल्या सभागृहात वाट पाहते आहे. परीक्षकांकडून तिला २१४ गुण आहेत. प्रेक्षकांकडून आलेला आकडा आहे शून्य. एकाही देशाच्या प्रेक्षकांनी, उर्वरित जगानेही, तिला एकही गुण दिलेला नाही.

या शून्याचा अर्थ तिला कोणीच मत दिले नाही असा नाही. प्रत्येक देशात गुण फक्त पहिल्या दहांना मिळतात. एखादे गाणे सगळीकडे अकरावे आले, तर हजारो मते मिळूनही त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. परंतु मंचावरील कॅमेऱ्याला हा खुलासा करता येत नाही. त्याला फक्त चेहरा दाखवता येतो. त्यानंतर उरला ऑस्ट्रिया. इस्राएल ३५७ गुणांवर सर्वांत पुढे होता आणि त्यांतील २९७ गुण प्रेक्षकांचे होते. ऑस्ट्रियाच्या जेजे या गायकाला परीक्षकांकडून २५८ मिळाले होते, म्हणजे जिंकण्यासाठी आणखी शंभर हवे होते. मिळाले १७८.

त्या निकालानंतर काही प्रसारण संस्थांनी प्रेक्षकमताच्या मोजणीवर आणि संघटित प्रचारावर प्रश्न विचारले, कारण एका प्रेक्षकाला वीस मते देता येत होती. माझ्या मते हा आक्षेप रास्त होता: वीस वेळा मत देणारा माणूस गाण्याचे मूल्यमापन करत नसतो, तो बाजू घेत असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाने नियम बदलले. व्हिएन्ना येथील २०२६ च्या स्पर्धेसाठी वीस मतांची मर्यादा दहावर आणली गेली, २०२३ पासून केवळ प्रेक्षकमतावर चालणाऱ्या उपांत्य फेऱ्यांत परीक्षक परत आणण्याचे ठरले आणि परीक्षकांची संख्या पाचवरून सात झाली. त्या सातांपैकी किमान दोघे १८ ते २५ या वयोगटातील असावेत, अशीही अट घातली गेली. नवी सुधारणा म्हणून ती जाहीर झाली. १९७१ साली पंचविशीच्या आतला म्हणून निवडला गेलेला परीक्षक आज सत्तरी ओलांडलेला असेल.