पूल बुडाला की बाळाजवळ कोण असतं

बसा बसा, पुढे जागा आहे अजून. मी सरळ गडचिरोलीतल्या भामरागडपासूनच सुरू करते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्क तुटतो, दर वर्षीचंच आहे हे, आणि नेमकी त्याच रात्री कोणाची डिलिव्हरी झाली तर ॲम्ब्युलन्स येणार कुठून? हॉस्पिटल हवंच, त्यात वादच नाही, पण त्या रात्री बाळाजवळ जी बाई बसलेली असते तिला काय येतं आणि तिच्या पिशवीत काय आहे, माझं सगळं बोलणं त्यावर आहे.

गडचिरोलीतच हे करून दाखवलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, तेव्हा तिथे बहुतेक बाळंतपणं घरातच व्हायची. हजारी ६२ नवजात बाळं जायची, तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात छापून आलं ते.

त्यांचं श्वास मोजायचं यंत्र बघा तुम्ही एकदा. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, बस. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हतं तिच्यासाठी केलेलं, आणि तिला ते जमलं! तसंच जंतुदोषाचं. दूध ओढेना, रडणं बारीक झालं, हातपाय ढिले पडले, पोट फुगलं, अंग गार लागतंय, असल्यातली दोन लक्षणं एकदम दिसली की आरोग्यदूत घरच्यांना विचारून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची.

२०११ पासून आशाताई देशभर घरी जातात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीपण. पण इंजेक्शन ठेवलं नर्सबाईकडे, आणि नर्सबाई नदीच्या अलीकडे असली की काय करायचं? मी स्वतः नर्स आहे म्हणून मोकळेपणाने बोलते, तिथे आपण आशाताईवर विश्वास टाकायला कमी पडलो. आणि या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये, तेही कुठे कुठे महिनोन्महिने अडकतात, हे बरोबर नाहीच.

मागे एका आशाताईबरोबर एका घरी गेले होते. झोळीच्या काट्यावर बाळ भरलं एक किलो सातशे, तळपाय गार, आणि आजी अंघोळीचं पाणी तापवत बसलेली. आशाताई म्हणाली, "आजी, अंघोळ नको आता, आधी ऊब." बाळाला टोपी घातली, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं आणि ती शेजारी बसून राहिली, मी मधे पडलेच नाही. तासाभराने तिने आजीचा हात धरून बाळाच्या तळपायाला लावला. आजी म्हणाली, "मग रात्री सून झोपली की मी घेऊ का असंच?"