राजधानीचा संघ, गावोगावची लीग

(दृश्य : मेक्सिको सिटीतील हुआन दे ला बार्रेरा इनडोअर स्टेडियम, बाहेरून)

1968 च्या ऑलिम्पिकसाठी मेक्सिको सिटीने जी क्रीडागृहे बांधली, त्यांपैकी हे एक आहे. त्या वर्षी येथे व्हॉलीबॉलचे सामने झाले आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांतील सुवर्णपदके सोव्हिएत संघांनी जिंकली. 1847 मध्ये चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर अमेरिकी सैन्याशी लढताना कामी आलेल्या 19 वर्षांच्या लेफ्टनंटचे नाव या वास्तूला देण्यात आले आहे. आत सुमारे पाच हजार प्रेक्षक बसतात. छप्पर पोलादी दोरांवर तोललेले असल्याने मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एकही खांब येत नाही, आणि शेवटच्या रांगेतूनही चेंडूवरील खेळाडूची पकड दिसते.

2017-18 च्या हंगामात कापितानेस दे स्युदाद दे मेहिको हा नवा संघ याच मैदानावरून मेक्सिकोच्या राष्ट्रीय व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये उतरला. देशातील सर्वांत मोठ्या शहराचा संघ असूनही या लीगमध्ये त्याची जागा नवख्याचीच होती, आणि ती तशी का होती हे समजण्यासाठी लीगचा नकाशा पाहावा लागतो.

(दृश्य : देशाचा नकाशा, मेहिकाली, मॉन्तेरे, हलापा)

ही लीग 2000 मध्ये 11 संघांनिशी सुरू झाली. फुटबॉलमध्ये राजधानीचे वर्चस्व गृहीत धरले जाते; बास्केटबॉलची सत्ता मात्र पहिल्यापासून प्रांतोप्रांतीच्या शहरांकडे राहिली. वायव्येला, अमेरिकेच्या सीमेला भिडलेल्या मेहिकालीचा संघ सोलेस, म्हणजे अनेक सूर्य. उन्हाळ्यात जेथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो त्या शहराला हे नाव शोभते. ईशान्येला मॉन्तेरेचा फुएर्सा रेहिया. पूर्वेला, वेराक्रूस राज्यातील हलापा या विद्यापीठाच्या शहरात हाल्कोनेस, म्हणजे ससाणे, हा संघ आहे आणि त्याच्या क्रीडागृहाला तेथील लोक ससाण्याचे घरटे म्हणतात. अशा शहरांत या संघांचा सामना हा संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम असतो. राजधानीत त्याच संध्याकाळी आणखी शंभर कार्यक्रम असतात.

या लीगच्या वेळापत्रकाची एक खूण सांगितलीच पाहिजे. अंतरे इतकी प्रचंड आहेत की एका सामन्यासाठी प्रवास करणे परवडत नाही. मेहिकाली ते मेक्सिको सिटी हे हवाई अंतरच दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे. म्हणून पाहुणा संघ एकदा आला की यजमानांशी लागोपाठच्या दोन रात्री दोन सामने खेळतो. पहिल्या रात्री ज्याने तुमच्या डोक्यावरून चेंडू बास्केटमध्ये घातला, तोच दुसऱ्या रात्री पुन्हा समोर उभा असतो. मधल्या वेळेत प्रशिक्षकाला चित्रफीत पाहून बचावाची मांडणी बदलायला जेमतेम एक सकाळ मिळते. माझ्या मते या लीगची खरी शाळा या दुसऱ्या रात्रीतच आहे, कारण तेव्हा पायांत ताकद उरलेली नसते आणि कालची युक्ती प्रतिस्पर्ध्याला पाठ झालेली असते.

राजधानीत त्यात उंचीची भर पडते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर आहे आणि मेहिकाली जवळजवळ समुद्रसपाटीवर. सखल प्रदेशातून आलेल्या संघाला येथे तिसऱ्या क्वार्टरपासूनच धाप लागू लागते. जलद प्रतिहल्ल्यासाठी धावलेला खेळाडू बचावाला परतताना चालत परततो आणि यजमानांना मोकळा कोपरा सापडतो.

(दृश्य : 2018 ची अंतिम मालिका, संग्रहातील छायाचित्रे)

कापितानेसनी पदार्पणातच अंतिम मालिका गाठली. समोर सोलेस होते. प्रशिक्षक इव्हान देनिस या स्पॅनिश गृहस्थांच्या हाताखाली कित्येक वर्षे एकत्र घडलेला आणि 2014-15 चे विजेतेपद मिळवलेला हा संघ होता, आणि 2018 मध्येही चषक मेहिकालीलाच गेला. पुढच्या हंगामात कापितानेस पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि या वेळी मॉन्तेरेच्या फुएर्सा रेहियाने त्यांना रोखले. नव्या संघाने पहिल्या दोन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठावी, ही मोठी कामगिरी होती. तरीही दोनदा हाताशी आलेला चषक दोनदा सीमेजवळच्या शहरांनी उचलून नेला, याची खंत राजधानीच्या प्रेक्षकांना राहिली असल्यास नवल नाही.

मग 12 डिसेंबर 2019 रोजी एनबीए या अमेरिकेतील अव्वल बास्केटबॉल लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी मेक्सिको सिटीत जाहीर केले की कापितानेस हा एनबीएच्या विकास लीगमध्ये, म्हणजे जी लीगमध्ये, दाखल होईल. अमेरिका आणि कॅनडा यांच्या बाहेरचा असा हा पहिलाच संघ. मेक्सिकोच्या वृत्तपत्रांसाठी ही मोठी बातमी होती, आणि ती मोठी होतीच. परंतु त्यासाठी संघाला देशातील लीग सोडावी लागणार होती, ही गोष्ट त्या दिवशीच्या आनंदात मागे पडली.

(दृश्य : फोर्ट वर्थ, टेक्सास, रिकाम्या सराव मैदानाचे दृश्य)

महासाथीमुळे प्रवेश एक वर्ष लांबला. 2021-22 मध्ये संघ अखेर उतरला तो टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे मुक्काम ठोकून, आणि तोही केवळ हंगामाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, सर्व सामने परक्या मैदानांवर खेळत. छातीवर मेक्सिको सिटीचे नाव होते, पण त्या शहरातील एकाही प्रेक्षकाला संघ आपल्या शहरात पाहता आला नाही. घरच्या मैदानावरील पहिला सामना नोव्हेंबर 2022 मध्ये, अस्कापोत्साल्को भागातील अवाढव्य अरेना स्युदाद दे मेहिकोमध्ये, त्या वर्षीच्या विजेत्या रिओ ग्रांद व्हॅली व्हायपर्सविरुद्ध झाला. प्रशिक्षक होते रामोन दियास, तेही स्पॅनिश.

या झगमगाटात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मेक्सिकोचे खेळाडू घडले ते देशी लीगमध्येच. नायारित राज्यातील सापोतान या छोट्या गावचा गुस्ताव्हो आयोन आधी हलापाच्या घरट्यात वाढला, मग स्पेनमध्ये गेला, 2011 मध्ये एनबीएत पोहोचला आणि पुढे रेआल माद्रिदबरोबर 2015 व 2018 मध्ये युरोलीग ही युरोपातील क्लबांची अव्वल स्पर्धा जिंकला. 2013 मध्ये व्हेनेझुएलातील कराकासला अमेरिका खंडाच्या स्पर्धेत मेक्सिकोने अंतिम सामन्यात पोर्तो रिकोला 91-89 असे हरवले, तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि 1974 नंतर प्रथमच देश विश्वचषकाला पात्र झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये उघड्या मैदानावर कांस्यपदक जिंकणाऱ्या या देशाने इतकी वर्षे वाट पाहिली होती.

हुआन तोस्कानो-अँडरसन याची वाट उलट दिशेने गेली. तो कॅलिफोर्नियातील ओकलंडचा, आईकडून मेक्सिकन. महाविद्यालयानंतर एनबीएने त्याला घेतले नाही, तेव्हा तो मेहिकालीला आणि नंतर मॉन्तेरेला आला. दोन रात्रींच्या त्या वेळापत्रकात घासला गेला आणि 2017 मध्ये फुएर्सा रेहियाबरोबर विजेता ठरला. 2018 मध्ये खुल्या निवड चाचणीतून त्याने अमेरिकेतील विकास लीग गाठली, आणि 2022 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सबरोबर एनबीएचे विजेतेपद मिळवले. ज्या लीगमध्ये कापितानेस मोठ्या समारंभाने गेले, तिचा दरवाजा त्याने मेक्सिकोतील हंगामांच्या बळावर उघडला होता.

(दृश्य : पुन्हा हुआन दे ला बार्रेरा, 2024, लाल पोशाखातील संघ)

कापितानेस गेल्यावर राष्ट्रीय लीगमधील राजधानीची जागा रिकामी झाली. ती 2024 मध्ये दियाब्लोस रोहोस या 1940 पासूनच्या बेसबॉल क्लबने बास्केटबॉल संघ उभारून भरली. त्यांनी घर म्हणून हेच जुने स्टेडियम निवडले आणि पहिल्याच हंगामात ते विजेते झाले. त्याच वर्षी त्यांच्या बेसबॉल संघानेही आपल्या लीगचे विजेतेपद जिंकले. आता या शहरात दोन व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहेत : हिवाळ्यात अस्कापोत्साल्कोच्या भव्य अरेनात कापितानेस अमेरिकी संघांशी खेळतात, आणि टांगत्या छपराखालच्या पाच हजार आसनांसमोर दियाब्लोस मेहिकाली, मॉन्तेरे आणि हलापाची वाट पाहतात.