पाळी चुकायच्या आधीची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढ लागला. शेतात लावणीची घाई आहे, आणि मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच विषय आहे : गणपतीचं तिकीट मिळालं का? रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे चतुर्थीला दोन महिने असताना सकाळी आठच्या ठोक्याला माणसं मोबाईल हातात धरून बसतात. मी आज फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या ज्या गोळीबद्दल बोलणार आहे, ती सुरू करायची वेळही नेमकी हीच. म्हणून तिकिटापासून सुरुवात केली.

सिंधुदुर्गात उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली. आपल्याकडची घरं कशी चालतात ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. नवरा मुंबईला, बायको सासू-सासऱ्यांबरोबर गावात. भेट गणपतीत, शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. माझ्या नोंदवहीत ‘शेवटच्या पाळीची तारीख’ असा रकाना असे. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा नेहमी दाट दिसत. गणपती गावाला गेले की दीड-दोन महिन्यांनी कोणाच्या ना कोणाच्या घरी कुजबुज सुरू व्हायची.

२००९ साली चतुर्थी २३ ऑगस्टला होती. खाडीपलीकडच्या वाडीतल्या एका सुनेला त्याच गणपतीत दिवस राहिले. तीन महिने कोणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, ही आपली रीत. त्यामुळे ती माझ्याकडे नोंदणीला आली ती तुळशीचं लग्न उरकल्यावर, नोव्हेंबरात. मी वजन केलं, रक्त तपासलं, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. शंभर गोळ्या पुऱ्या करायच्या, असं बजावून सांगितलं. तिने त्या केल्या.

मे महिन्यात मुलगी झाली. रडली छान, वजन चांगलं. मी तिला पुसायला पालथी केली आणि माझा हात थांबला. कमरेच्या जरा वर, बरोबर मध्यावर, लिंबाएवढा फुगा होता. वरचं कातडं इतकं पातळ की आतलं पाणी दिसत होतं. मी तिच्या टाचेवर टिचकी मारली. एरवी टिचकी मारली की मूल पाय झटक्याने वर ओढतं. या मुलीचे पाय जसेच्या तसे पडून राहिले.

याला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. पाठीचा कणा एका जागी बंदच झालेला नसतो आणि मज्जारज्जू तिथून बाहेर आलेला असतो.

चार दिवसांनी मी घरी गेले तेव्हा त्या बाईने बिस्किटांचा एक डबा माझ्यासमोर ठेवला. आत रिकाम्या पट्ट्या होत्या, रबर लावून ठेवलेल्या. म्हणाली, “सिस्टर, मी एक पण गोळी चुकवूक नाय.” घरात तोवर ठरूनही गेलं होतं की संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, ग्रहण होतं आणि त्या दिवशी हिने विळीवर भाजी चिरली. माझ्यासमोर सासू तेच म्हणाली, आणि ही मान खाली घालून ऐकत होती.

श्रोतेहो, ग्रहणाच्या दिवशी तिला पाचवा महिना संपून सहावा लागला होता. बाळाची पाठ त्याच्या कितीतरी आधी तयार झाली होती. मी तेव्हा बोटांवर हिशेब केला. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत ही जोडणी पुरी होते. गणपतीत दिवस राहिले, म्हणजे दसऱ्याच्या आत सगळं झालं होतं. माझी पहिली गोळी तिच्या हातात पडली तुळशीच्या लग्नानंतर. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. गोळीच उशिरा पोचली होती, आणि ती देणारी मी होते.

ही जोडणी कशी होते ते सांगते, कारण ते एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचं सगळं समजतं. आपण करंजी करतो. पारी आधी सपाट असते, मग दुमडतो आणि कडा दाबून चिकटवतो. गर्भातही सुरुवातीला पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात, आणि एक लांबट नळी तयार होते. नळीच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, खाली मज्जारज्जू होतो. करंजीची कड जिथे चिकटली नाही तिथेच ती तेलात उकलते. तसंच इथे. खालच्या बाजूला फट राहिली तर स्पायना बायफिडा. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट होतच नाहीत, आणि असं मूल जगत नाही. हे सगळं घडतं तेव्हा बाळ तांदळाच्या दाण्याहून लहान असतं.

आता दिवस मोजा. २८ दिवस पुरे होतात तेव्हा त्या बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपल्याकडे तेवढ्यात कोणी तपासणीलाही जात नाही. पाळी मागेपुढे होते, लावणीच्या दगदगीने झालं असेल, असं म्हणून सोडून देतो. म्हणून ही गोळी दिवस राहायच्या आधी सुरू व्हायला हवी. किमान एक महिना आधी, दोन-तीन महिने मिळाले तर उत्तम, आणि दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. आधीचं एक मूल असं झालेल्या बायकांवर सात देशांतल्या ३३ केंद्रांत मोठी पाहणी झाली, तिचा निकाल १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फॉलिक ॲसिड दिलं त्यांच्यात ६ मुलांना हा दोष आला, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात २१ मुलांना. फरक इतका उघड होता की पाहणी मुदतीआधीच थांबवली. पुढच्या वर्षी हंगेरीतून निकाल आला. तिथे आधी कधीच असं मूल न झालेल्या हजारो बायकांना गर्भ राहायच्या महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड असलेल्या गोळ्या दिल्या होत्या. गोळी घेतलेल्यांत एकही असं मूल नाही, न घेतलेल्यांत सहा. गोळीने प्रत्येक मूल वाचतं असं नाही, इतर कारणंही असतात. पण बहुतेक वाचतात.

या गोळीच्या कथेचा उगम मुंबईत आहे, हे कळलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्या काम करायच्या. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायकांचं रक्त सुधारतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९३१ साली प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं, आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून फॉलिक ॲसिड हे नाव पडलं. पुढे अमेरिकेत ते प्रयोगशाळेत तयार केलं ते आपल्याच डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्या कोकणातून किती घरं गेली! आपल्या पणज्यांच्या पिढीच्या बायकांच्या रक्तातून हे औषध सापडलं, आणि त्यांच्या पणतवंडांना ते वेळेवर मिळू नये, हे मला सहन होत नाही.

वेळेवर का मिळत नाही? एक कारण मी स्वतः पाहिलं. त्या मुलीच्या जन्मानंतर मी नव्या सुनांना लग्नानंतर लगेच गोळ्या द्यायला लागले. आठवड्याभरात एक सासूबाई उपकेंद्रात हजर. गोळ्या चुलीत टाकून आल्या होत्या. “सून घरात येवन दोन म्हयने जावक नाय आणि तुमी तिका गोळये दितास?” त्यांना वाटलं पाळणा लांबवायची गोळी दिली. त्यांचं काय चुकलं? लग्न झालेल्या, दिवस न राहिलेल्या मुलीच्या हातात सरकारी गोळी म्हणजे माला-डी, हेच आपण इतकी वर्षं शिकवलं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. विचारलं, “काकी, तरवो पेरूच्या आधी भाजावळ कित्याक करतास? पावस इल्यार केली तर चलात?” त्या म्हणाल्या, “पावस इल्यार काय भाजतलस, कपाळ?” रोपं पेरायच्या आधी जमीन भाजून तयार ठेवावी लागते, तसंच हे. मग त्या स्वतःच गप्प झाल्या. जाताना दुसरी पट्टी घेऊन गेल्या.

सासूबाईंनो, तुम्हाला हात जोडून सांगते, ही गोळी पाळणा लांबवत नाही. पाळण्यात येणाऱ्या मुलाची पाठ सांभाळते.

आता मात्रेचं नीट ऐका, कारण इथे घोटाळा होतो. नेहमीच्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. औषधाच्या दुकानात मात्र बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती साडेबारा पट मोठी. पट्टी उलटी करून आकडा वाचा. मोठी गोळी कोणासाठी? आधीचं मूल असं झालेलं असेल, मधुमेह असेल, आकडीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टर ती लिहून देतात. आकडीचं औषध सुरू असलेल्या मुलींना माझं खास सांगणं : काही औषधांनी हा धोका वाढतो, पण म्हणून ती मनाने बंद करू नका. लग्न ठरलं की आधी डॉक्टरांना भेटा, ते औषध बदलायचं का ते बघतील. ज्या घरी मासळी-अंडी शिजत नाहीत, तिथे बी-१२ हे जीवनसत्त्वही तपासून घ्या. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं दुखणं आतून वाढत राहतं.

उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी फुकट मिळते. आशाताईंना सांगायला लाजू नका. ‘आम्हाला मूल हवंय’ एवढं म्हटलं तरी त्या समजतात. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिकची लाल गोळी सुरू होते, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नका.

जेवणातून नाही का मिळणार, असं तुम्ही विचाराल. मिळतं. चवळी, मूग, कुळीथ, माठ, शेवग्याचा पाला, सगळ्यांत आहे. चवळी तर फार चांगली. पण हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि उष्णतेने जातं. पालेभाजी उकडून, पिळून, पाणी ओतून दिलं की बरंचसं मोरीत गेलं. आणि अन्नातलं हे जीवनसत्त्व गोळीतल्याइतकं अंगी लागत नाही. मासळीत ते फारसं नसतंच. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत वेगळेच दिसणारे दाणे येऊ लागले, आणि कितीतरी घरांत बायका ते प्लास्टिकचे समजून सुपात निवडून टाकताना मी पाहिल्या. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून ते बनवतात. निवडू नका. पण एका किलोत फॉलिक असतं ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खाल्ला तरी फार तर ३१ पोटात जाईल. हवेत ४००. म्हणजे भाजी-भात खायचा आणि गोळीही घ्यायची.

मुंबईत बसून ऐकणाऱ्या भावांनो, हे तुमच्यासाठीही आहे. ती गावात एकटीने केंद्रावर जायला संकोचते. तुम्ही तिकीट काढलंत की त्याच दिवशी तिला फोन करा आणि गोळी सुरू झाली का ते विचारा.

त्या मुलीचं काय झालं, हे तुमच्या मनात असेल. मुंबईला नेऊन पाठीची शस्त्रक्रिया झाली. फुगा गेला, पाय परत आले नाहीत. ती पायांना आधाराचे कॅलिपर लावून चालते. लघवीसाठी नळी लागते, ते आईने शिकून घेतलं. हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं आहे.

तीन वर्षांनी वैशाखात तिची आई माझ्याकडे आली. आत येऊन दार लोटलं आणि हळूच म्हणाली, “सिस्टर, गणपतीक ते येतले. माका आता गोळी व्हयी.” तिला मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी मोठी गोळी लिहून दिली, पुढच्या सोनोग्राफीचीही वेळ ठरवून दिली. मी सगळं समजावत होते तेव्हा तिने मध्येच विचारलं, “ह्या माका आधी कोणी कित्याक सांगूक नाय?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मुलगा झाला. मी पुसून कपड्यात गुंडाळायला घेतला, तर सासू म्हणाली थांबा. तिने बाळाला आपल्या मांडीवर पालथं घेतलं, आणि मानेपासून कमरेपर्यंत अंगठा हळूहळू फिरवत नेला. परत वर आणला, परत खाली नेला. मग सुनेकडे बघून म्हणाली, “सरळ आसा गो.”

नमस्कार.