विल्यम गुडचा अर्ज

३० पौंड. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीने १७११ मध्ये विल्यम गुडला दिलेली ही भरपाई. सेलम व्हिलेजच्या या शेतकऱ्याची बायको सारा चेटकीण ठरवून फासावर गेली होती.

घर मात्र त्याआधीच बसलं होतं, कर्जापायी. साराचा पहिला नवरा डॅनियल पूल १६८२ मध्ये देणी मागे ठेवून वारला. विल्यमने साराशी लग्न केलं आणि ती देणी त्याच्या गळ्यात पडली. धनकोने दावा लावला, जमीन गेली. मग विल्यम लोकांच्या शेतावर राबायचा, सारा मूल घेऊन दारोदार मागायची. कुणी नाही म्हटलं की पुटपुटत निघून जायची, आणि पुटपुटणं म्हणजे शाप, हे गावाने धरूनच ठेवलेलं. ॲबी कुटुंबाने त्यांना आसरा दिला, मग भांडणांना कंटाळून बाहेर काढलं. पुढच्या दोन वर्षांत ॲबींची १७ गुरं मेली. तीही साराच्याच खात्यावर!

२९ फेब्रुवारी १६९२ ला चेटकाच्या आरोपावरून साराच्या नावाने वॉरंट निघालं. १ मार्चच्या चौकशीत विल्यमला विचारलं गेलं. तो म्हणाला, ती चेटकीण असेल, नाहीतर लवकरच होईल अशी भीती वाटते. काही पाहिलंस का? तसं काही नाही, पण माझ्याशी तिचं वागणं वाईट. शिवाय तिच्या उजव्या खांद्याखाली आदल्या रात्री चामखीळ दिसली, पूर्वी कधी नव्हती, असंही त्याने सांगितलं. अशा चामखिळीतून सैतानाचं पाळीव भूत दूध पितं, असा तेव्हाचा समज.

बोस्टनच्या तुरुंगाधिकाऱ्याचं बिल शिल्लक आहे. सारा गुड आणि दुसरी आरोपी सारा ऑस्बोर्न यांच्या बेड्या, १४ शिलिंग. साराच्या बाळासाठी दोन ब्लँकेटं, १० शिलिंग.

खटल्यात एका मुलीने तुटलेलं पातं दाखवलं: साराच्या छायेने, म्हणजे तिच्या अदृश्य रूपाने, मला भोसकलं. एका तरुणाने उरलेला सुरा पुढे केला. काल माझाच मोडला, हिच्यासमोरच तुकडा फेकला होता. पातं जुळलं. मुलीला दटावून साक्ष पुढे चालू ठेवली. १९ जुलैला फाशी.

१७१० च्या अर्जात विल्यमने नुकसान क्रमाने मांडलं. एक, बायको चार महिने तुरुंगात, मग फाशी. दोन, अंगावरचं बाळ तुरुंगातच दगावलं. तीन, चार-पाच वर्षांची मुलगी सात-आठ महिने साखळदंडात, तेव्हापासून तिला स्वतःचं भान नाही, सांभाळायला खर्च येतो.

स्वतःच्या जबानीबद्दल त्यात एक ओळ नाही.