हरलेली बोटसुद्धा खांद्यावरूनच आत न्यावी लागते

नमस्कार श्रोतेहो. आज रोइंगबद्दल बोलणारे, आणि खरं सांगायचं तर रोइंगमध्ये हरण्याबद्दल.

वल्हवणारा फिनिशकडे पाठ करून बसतो हे तुम्ही पाहिलं असेल. त्यामुळे जो पुढे असतो त्याला मागचे सगळे दिसतात, कोण जवळ येतंय, कोण दमलंय, आणि जो शेवटचा असतो त्याला कुण्णीच दिसत नाही, समोर नुसतं पाणी आणि आपल्याच वल्ह्यांनी उठलेले भोवरे. कॉलेजात असताना पुण्यात मुळा नदीवर मी असा शेवटचा आलोय. फोरची, म्हणजे चौघांच्या बोटीची रेस होती, आम्ही दुसरे होतो, तीनेकशे मीटर राहिले आणि माझं वल्हं पाण्यात अडकलं, आम्ही त्याला क्रॅब म्हणतो, मूठ दणकन पोटात बसली आणि बोट जवळजवळ थांबलीच. बाकीचे तिघं काहीच बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण या खेळात तोंड लपवून घरी जाता येत नाही. बोट पाण्यातून काढायला सगळे लागतात, ती खांद्यावर घ्यायची, धुवायची, पुसायची, रॅकवर ठेवायची, आणि हे सगळं जे आपल्यामुळे हरले त्यांच्याच बरोबर. त्या दिवशी बोट पुसता पुसता आमचा स्ट्रोक, म्हणजे ज्याच्या तालावर बाकीचे वल्हवतात तो, फक्त एवढंच म्हणाला की उद्या साडेपाचला ये. मला ते अजून आठवतं.

आता दत्तू भोकनळांचं सांगतो. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा २०१२ ला सैन्यात गेला आणि तिथे वल्हं हातात आलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये भारताचा एकटा तोच, आणि इकडे आई अपघातानंतर कोमात. क्वार्टर फायनलमध्ये तो चौथा आला, पुढे जायला पहिले तीन, म्हणजे मेडलचा विषय तिथेच संपला. पण रोइंगमध्ये हरलेल्यालाही पुढच्या रेस असतातच, नंबर ठरवायला. दत्तू फायनल सीमध्ये, म्हणजे तेराव्यापासून पुढचे नंबर ठरवणाऱ्या रेसमध्ये उतरला, जी रेस बघायला कुणी टीव्हीसमोर बसत नाही, आणि पहिला आला. ६ मिनिटं ५४.९६ सेकंद, क्वार्टर फायनलपेक्षा जवळपास पाच सेकंद कमी. वारा बदलला की वेळ बदलते, त्यामुळे दोन रेसची सरळ तुलना होत नाही हे मान्य, तरी मला ती रेस फार मोठी वाटते. एकूण नंबर तेरावा.

आणि २०१८ ची एशियन गेम्स, पालेमबांग. अंगात ताप, सिंगलच्या फायनलमध्ये सहावा, म्हणजे शेवटचा. त्या दिवशी आपल्या रोअर्सना एकही मेडल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दत्तू स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाड्रपलमध्ये बसला आणि चौघांनी गोल्ड आणलं. मधे फक्त एक रात्र होती! मला वाटतं एकटा असता तर अवघड गेलं असतं, पण बोटीत तीन जण त्याच्या भरवशावर बसणार होते.

मी आता मुलांना शिकवतो तेव्हा हरल्यावर त्यांना लगेच समजावत बसत नाही. आधी बोट आत, मग पोटात काहीतरी खायला, आणि संध्याकाळी वही काढायची, दोन हजार मीटरच्या रेसचे पाचशे-पाचशेचे चार तुकडे करून वेळा लिहायच्या. "हरलो" हा शब्द फार मोठा असतो हो, पोराला गिळून टाकतो, पण "तिसऱ्या पाचशेत चार सेकंद गेले" यावर काम करता येतं. बहुतेक वेळा तिसराच तुकडा असतो, सुरुवातीचा जोर संपलेला असतो आणि फिनिश अजून लांब.

गेल्या सीझनला आमच्या एका मुलीची डबल, म्हणजे दोघींची बोट, शेवटची आली, धक्क्यावर बसून खूप रडली ती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर अंधारातच रिगरचे, म्हणजे वल्हं धरून ठेवणाऱ्या बोटीच्या बाजूच्या दांड्यांचे, नट घट्ट करत बसली होती, मला बघून म्हणाली, सर, तिसऱ्या पाचशेत मिनिटाला किती वेळा वल्हं मारायचं?