आंबियाचे तीन क्रेट

[अंगण. कोवळं ऊन. एकावर एक ठेवलेले तीन क्रेट.]

नोव्हेंबर सरत आलाय. नागपूरच्या महाल भागातल्या या घरी काल रात्री काटोलच्या शेतातून संत्र्यांचे तीन क्रेट आले. आज त्यांचं मार्मलेड होणार, म्हणजे सालीच्या काड्या घातलेला संत्र्याचा जॅम. साठेक किलो माल, आंबिया बहाराचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला, उन्हाळा आणि पावसाळा झाडावर काढलेला. बाजारात अशा बारीक फळाला चुरी म्हणतात. गोडी तीच, रस तोच. फळ लहान, म्हणून भाव नाही.

"एवढे संत्रे कोण खाईल बाप्पा?" आजी दरवर्षी हेच विचारतात. आणि पदर खोचून सगळ्यांच्या आधी त्याच बसतात.

नागपुरात संत्रं आलं ते 1896 साली. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून रोपं आणून लावली, असं सांगतात. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बघा, नखाने जरा टोचलं की साल कशी सैल सुटून येते. खाणाऱ्याला हे फळ जितकं सोयीचं, टिकवणाऱ्याला तितकंच अवघड. रस काढून ठेवला की हळूहळू कडू होऊ लागतो. पापुद्र्यात आणि बियांत जे असतं त्यातून रसात लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं, आणि रस तापवला की कडूपणा आणखी लवकर येतो.

[जवळून: बोटं, फोड, पापुद्रा.]

म्हणून हे काम. फोड घ्यायची, पाठीकडून चिरायची, पापुद्रा ओढायचा, बी काढायची. एका संत्र्यात दहा-बारा फोडी. एका क्रेटमध्ये किती, ते इथे कुणी मोजत नाही. पहिल्या क्रेटला गप्पा असतात, गाणी असतात. दुसऱ्यापर्यंत नखं पिवळी पडतात, सालीचं तेल बोटांच्या चिरांत झोंबतं. दुपारी दोन वाजता या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. ओट्यावर पातेली, खिडकीत परात, फ्रीजवर साखरेची पिशवी. पोट्ट्यांचं जेवण आज शेजारच्या काकूंकडे.

बिया मात्र फेकायच्या नाहीत. बिया आणि सालीच्या आतला पांढरा भाग मलमलच्या पोटलीत बांधून गरासोबत उकळायचा. मार्मलेडला घट्टपणा देणारं पेक्टिन त्यातच असतं. वहिनी पोटली पिळतायत, ते नीट बघा. तो बुळबुळीत, दाट थेंब पडला नाही, तर साखर कितीही ओता, मार्मलेड पातळच राहतं. सालीच्या बारीक काड्या आधी दोनदा उकळून त्यांचं पाणी टाकून दिलंय. थोडा कडवटपणा उरतो. तो हवाच.

मग साखर, लिंबाचा रस आणि मोठा गॅस. फेस वर चढतो, बुडबुडे आधी बारीक, मग जड. 104-105 अंशांच्या आसपास ते तयार होतं, पण या घरात थर्मामीटर नाही. फ्रीजमध्ये गार केलेली बशी आहे. तिच्यावर एक थेंब टाकायचा, जरा थांबायचं, बोटाने ढकलायचा. थेंबावर सुरकुती पडली की गॅस बंद.

[बरण्या. वाफ.]

बरण्या भरायच्या त्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या. पातेल्याच्या तळाशी फडकं, नाहीतर काच तडकते. काठ पुसायचा, झाकण दरवेळी नवं, आणि भरलेली बरणी पुन्हा दहा मिनिटं उकळत्या पाण्यात. फळ आंबट आहे, म्हणून घरच्या पातेल्यात हे निभतं. भाजी अशी कधीही भरू नये.

अवेळी पावसाने आणि फळगळीने बागांचं काय होतंय, किती झाडांवर कुऱ्हाड पडतेय, हे काटोल-नरखेडच्या वाटेवर कुणीही सांगेल.

[रात्र. दिवा. ओळीने एकोणीस बरण्या.]

आता कुणी बोलत नाही. आजी भिंतीला टेकल्यात. बरण्या गार होतायत, आणि झाकणाचा फुगीर मध्य आत ओढला जातो तेव्हा आवाज येतो. टुक. थोड्या वेळाने दुसरी. टुक. वहिनी ओट्याशी उभ्या राहून बोटांवर मोजतायत.

अठरा झाल्या. एकोणिसावीचं झाकण दाबलं की अजून वरखाली होतंय. ती फ्रीजमध्ये जाईल, आणि सकाळी पोळीबरोबर उघडेल.

तिसरा क्रेट अंगणात तसाच आहे, ओल्या गोणपाटाखाली.

[निवेदन थांबते. फक्त झाकणांचा आवाज.]